पाईकराव मॅडम आणि नववी वायर

“आधी हात काढा.”

सुनंदा पाईकराव माझ्याशी पहिलं वाक्य बोलली ते हे. मी हेडक्लार्क, अठ्ठावीस वर्षं नोकरी झालेला, आणि आदल्याच दिवशी कंत्राटावर रुजू झालेली ही बाई माझ्या टेबलाशी उभी राहून मला कीबोर्डवरून हात काढायला सांगत होती. माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक चौकोन आला होता. मी ‘ओके’ दाबायचो, तो जायचा, पुन्हा यायचा.

“काय लिवलंय ते वाचलं का?”

“इंग्रजीत आहे.”

“तुमी बी.ए. हायेत ना, भाऊसाहेब?”

मागच्या टेबलावरचा कोणीतरी हसला. मी हात काढले. तिनं खाली वाकून ते वाक्य मराठीत सांगितलं: याच पत्त्यावर दुसरं एक मशीन बसलेलं आहे. मग मान वर करून अख्ख्या हॉलला विचारलं, “एकवीस नंबर कोणी घेतला?”

 आम्हाला प्रश्नच कळला नव्हता.

जिल्हा नवा होता. परभणीतून हिंगोली वेगळी झाली तशी भाड्याच्या इमारतींमध्ये भराभर कार्यालयं उघडली. आमचं कार्यालय कोणतं ते लिहीत नाही. दाखले देणारं होतं, एवढं पुरे. पुढे तीन-चार वर्षांनी चौदा कॉम्प्युटर आले. ते निळ्या वायरींनी भिंतीवरच्या एका डब्याला जोडले होते, त्या डब्याला सगळे हब म्हणत. सगळी माहिती ठेवणारा एक मोठा कॉम्प्युटर वेगळ्या खोलीत होता, तो सर्व्हर. बसवणारा माणूस बसवून गेला. प्रत्येक मशीनला स्वतःचा पत्ता, म्हणजे एक नंबर असतो आणि तो दुसऱ्या कोणाचा असून चालत नाही, हे त्यानं आम्हाला सांगितलं नाही. चौकोन आला तर शेवटचा आकडा बदला, एवढंच दाखवून गेला. मग ज्याला जो आवडेल तो आकडा. आस्थापनेच्या देशमुखांनी अकरा घेतला, शुभ म्हणून. आवक-जावकच्या बाईंनीही अकराच घेतला, त्याच कारणानं. दोघं महिनाभर एकमेकांना बंद पाडत बसले होते आणि दोष मात्र लाइटला देत होते.

हे कळल्यावर सुनंदा इतकी चिडली की तिच्या चष्म्याच्या काचेवर वाफ आली. ती चिडायचीच. काळी-सावळी, बुटकी, चष्म्याच्या दांड्याला दोरा बांधलेला, पंजाबी ड्रेसच्या खिशात वायरीचं टोक दाबायचा चिमटा. गाव शिरड शहापूर, आईवडील दुसऱ्याच्या शेतात कामाला जाणारे, आणि ही नांदेडला खोली करून कॉम्प्युटर शिकलेली. तिला हळू बोलता यायचं नाही.

“आमच्या शाळेत एकाच वर्गात दोन सुनंदा पाईकराव होत्या,” तिनं आम्हाला सांगितलं. “गुरुजीनं हाक मारली की दोघीबी उठायच्या, न्हाई तर दोघीबी बसून राहायच्या. तिचे मार्क मला, माझा मार तिला. हे तसंच चालू हाय इथं. आणि तुमी लोक कामं सोडून ओके दाबून राहिलेत!”

तीन दिवसांत तिनं चौदा मशीनना चौदा नंबर दिले. प्रत्येक मशीनचा कारखान्यातून येणारा एक जन्माचा नंबर असतो, तोही तिनं प्रत्येकाच्या पत्त्यासमोर लिहिला, आणि पत्त्याची चिठ्ठी पडद्याखाली चिकटवली. चिठ्ठीवर खाली बारीक अक्षरात: ‘बदलू नये. बदलल्यास मला कळेल.’ आणि खरंच कळायचं. देशमुखांनी एकदा गुपचूप पुन्हा अकरा करून पाहिला. दहा मिनिटांत ती त्यांच्या मागे उभी होती.

पुढे ती आम्हाला नावांनी हाक मारेनाशी झाली. “चौदा नंबर जेवायला गेले का?” “सतरा, तुमची वायर खुर्चीखाली आली.” मी एकवीस होतो. मला त्याचा राग यायचा आणि, आता कबूल करतो, थोडी गंमतही वाटायची.

चहाची गोष्ट मात्र गमतीची नव्हती. शिपाई सगळ्यांना कपात चहा द्यायचा आणि तिला काचेच्या ग्लासात. तो ग्लास खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. आम्ही सगळ्यांनी हे पाहिलं होतं. कोणी काही ठरवलेलं नव्हतं आणि कोणी काही थांबवलेलंही नव्हतं. चौथ्या की पाचव्या दिवशी तिनं तो ग्लास आणून माझ्या टेबलावर ठेवला.

“हे काहून?”

मी म्हटलं, “कप कमी असतील.”

ती कपाटाशी गेली. त्यात पाहुण्यांसाठी ठेवलेले सोनेरी कडेचे सहा कप होते, वरून कोणी मोठे अधिकारी आले तरच निघायचे. तिनं त्यातला एक काढला, नळाखाली धुतला, ग्लासातला चहा त्यात ओतला आणि हॉलच्या मधोमध उभी राहून प्यायली. संपेपर्यंत कोणी खुर्चीत नीट बसू शकलं नाही. त्यानंतर ती रोज त्याच कपात प्यायची, आणि कप स्वतःच धुवून स्वतःच्या खणात ठेवायची. कपाटात पाच उरले. शिपायानं तक्रार केली तेव्हा मी त्याला गप्प बस म्हणालो. माझ्या हातून तिच्या बाजूनं झालेलं हे एवढंच.

आता जूनबद्दल लिहितो.

बारावीचे निकाल लागले की आमच्या दारात रांग लागायची. जातीचा दाखला, रहिवासी दाखला, त्याशिवाय प्रवेश नाही. सेनगावकडचे तांडे, औंढ्याकडची गावं, जीप करून, एसटीनं लोक यायचे आणि व्हरांड्यात उकिडवे बसायचे. त्या वर्षी नेमकं जूनमध्येच सर्व्हर लागेना. सकाळी दहाला सगळं ठीक. साडेअकराच्या सुमारास पडदे थिजायचे. संध्याकाळी पुन्हा ठीक.

साहेब केबिनमधून बेल वाजवून विचारायचे, “त्या बाईला विचारा, काय करून ठेवलंय.”

सुनंदानं एक कागद घेतला आणि वेळा लिहायला लागली. बंद कधी पडलं, चालू कधी झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो कागद तिनं माझ्यापुढे धरला. मंगळवारी दिवसभर काही बिघडलं नव्हतं.

“मंगळवारी काय होतं, भाऊसाहेब?”

“साहेब मीटिंगला गेले होते.”

तिनं कागदाची घडी करून खिशात घातली. मग म्हणाली, “चला माझ्यासंगं.”

सर्व्हरच्या खोलीत तिनं मला चपला काढायला लावल्या. सर्व्हरचा पत्ता एक नंबरचा. तिनं सर्व्हरची वायर उपसून हातात घेतली, मला दाखवली, आणि आपल्या मशीनवरच्या काळ्या खिडकीत एक नंबरला हाका मारायला सुरुवात केली. वायर तिच्या हातात लोंबत होती. पडद्यावर ओळीमागून ओळ उत्तरं येत होती.

“सर्व्हर तर मी तोडलाय,” ती म्हणाली. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. “मग हे कोण बोलून राहिलंय?”

तिनं उत्तर देणाऱ्या मशीनचा जन्माचा नंबर काढला. तो तिच्या यादीतल्या एकाशीही जुळेना. मग आम्ही हबपाशी गेलो. मी हबजवळच्या मशीनवर तशाच हाका चालू ठेवून पडद्यासमोर बसायचं आणि ती एकेक वायर काढणार. पहिली काढली, उत्तरं चालू. लावली. दुसरी काढली, चालू. आठवीपर्यंत चालू. नववी काढली आणि पडदा गप्प झाला.

“थांबलं!” मी ओरडलो. 

नववी वायर छतातून साहेबांच्या केबिनमध्ये जात होती. साहेबांनी आदल्याच शनिवारी आपल्या ओळखीच्या दुकानदाराकडून बिनवायरीच्या इंटरनेटचा एक डबा बसवून घेतला होता, लॅपटॉप मांडीवर घेऊन शेअरचे भाव पाहता यावेत म्हणून. तो डबा कारखान्यातून निघतानाच एक नंबरचा पत्ता घेऊन आला होता. साहेब आले, केबिनचं बटण दाबलं, की डबा जागा व्हायचा आणि सर्व्हरच्या जागी जाऊन बसायचा. त्याचा आकडा बदलणं दोन मिनिटांचं काम होतं.

ती केबिनच्या दारात गेली. मी मागे उभा होतो.

“साहेब, तुमच्या डब्याचा नंबर बदलावा लागंल. दोन मिनिटं लागतील.”

“माझ्या केबिनमधल्या वस्तूला हात लावायचा नाही. तुमच्या सर्व्हरचा बदला.”

“सर्व्हरचा बदलला तर सगळ्या मशीनवर बदलावा लागतो. आन् दाखल्याचं सॉफ्टवेअर पुण्याच्या कंपनीनं त्या नंबराला बांधलेलं हाय. त्यांची मंजुरी यायला आठ दिवस जातील. बाहेर लोक—”

“बाई, तुम्ही मला शिकवणार?”

“मग नववी वायर तरी बाहेर ठेवते.”

तिनं ती काढून ठेवली आणि रांग सरकू लागली. अर्ध्या तासात बेल वाजली. साहेबांचं इंटरनेट बंद पडलं होतं. त्यांनी वायर परत लावायला लावली, सुताराला बोलावलं, हबभोवती लाकडी पेटी ठोकून घेतली आणि तिला कुलूप लावलं. दुकानदार सवडीनं येऊन बघेल, म्हणाले. चावी माझ्याकडे दिली.

मला आजही त्या पेटीचा राग येतो. व्हरांड्यात शंभरेक माणसं बसलेली, आणि आमच्याकडे सुतार बोलवायला वेळ होता.

गुरुवारी मेरसिंग राठोड चौथ्यांदा आले. मंगळवारी मशीन चालू होतं, पण त्यांची पाळी यायच्या आत खिडकी बंद झाली होती. सेनगावजवळच्या तांड्यावरचे, डोक्याला लाल फेटा, सोबत मुलगी कविता. तिचं नांदेडला नर्सिंगला नाव लागलं होतं आणि शुक्रवारी दुपारपर्यंत दाखला तिथं द्यायचा होता. मेरसिंग भांडत नव्हते. खिडकीशी येऊन विचारायचे, “साहेब, आलं का मशीन?” आणि परत जाऊन बसायचे. पोरगी मात्र भिंतीला टेकून उभी होती आणि प्रवेशाचं पत्र पुन्हा पुन्हा उघडून पाहत होती.

बारा वाजता सुनंदा माझ्या टेबलाशी आली.

“भाऊसाहेब, चावी.”

“साहेबांना विचारतो.”

“साहेब आतच हायेत. म्हणूनच तर बंद हाय.”

“मॅडम, माझं जरा समजून घ्या.”

“आन् त्यांचं कोण समजून घेणार?” तिनं व्हरांड्याकडे बोट केलं. “तुमी सोता पाहिलंय. तुमी सोता ‘थांबलं’ म्हणून ओरडलात.”

चावी माझ्या शर्टाच्या खिशात होती. माझा हात खिशावर गेला आणि तिथंच राहिला. माझी निवृत्ती तीन वर्षांवर आली होती. गोपनीय अहवाल साहेबांच्या हातात होता, बदली कुठंही होऊ शकत होती, बायकोचं हिंगोलीत औषधपाणी चालू होतं. ही सगळी कारणं खरी होती. ती माझ्या हाताकडे पाहत होती. मग वळली आणि सरळ केबिनमध्ये शिरली.

दार उघडंच राहिलं. आत साहेबांसमोर दोन पाहुणे बसले होते.

“ए बाई! विचारून यायचं!”

 तिनं खिडकीखालच्या त्या डब्याची वायर उपसली आणि साहेबांच्या टेबलावर, त्यांच्या फायलींवर ठेवली.

“ही तुमची वायर. लोक चार दिवस झाले बसून हायेत.”

ती बाहेर येईपर्यंत हॉलमधले पडदे हलायला लागले होते. त्या दिवशी आम्ही जेवलो नाही. तीन प्रिंटर एकदम चालू होते. देशमुखसुद्धा मान खाली घालून नोंदी करत होते. साडेतीनला सहीसाठी दाखल्यांचा गठ्ठा तयार झाला, मेरसिंगच्या मुलीचा सगळ्यांत वर.

आणि साहेब निघाले. गठ्ठा आत नेणार तोच ते बाहेर आले, कोणाकडे न बघता पायऱ्या उतरून जीपमध्ये बसले. सही न करता.

सुनंदा गठ्ठा छातीशी धरून धावली. अनवाणी, कारण ती सर्व्हरच्या खोलीतून आली होती. जूनच्या मध्यावरही पाऊस नव्हता, अंगणातली फरशी तापलेली. ती जीपच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

“सह्या करा आन् जा!”

“बाजूला हो. पोलीस बोलवीन.”

“बोलवा. तेबी बघतील कोण काहून उभं हाय.”

ड्रायव्हरनं पुन्हा हॉर्न वाजवला, पण गाडी पुढं घेतली नाही. व्हरांड्यातून माणसं उठून आली. मेरसिंग आले, त्यांच्यामागे बाया, म्हातारे. कोणी घोषणा दिली नाही, कोणी गाडीला हात लावला नाही. नुसती गोल उभी राहिली. मी पायऱ्यांवर होतो.

साहेबांनी शेवटी खिडकीतून हात बाहेर काढला. तिनं एकेक कागद द्यायचा, त्यांनी मांडीवर सही करायची आणि बाहेर फेकायचा. ते फेकत होते आणि लोक जमिनीवरून उचलत होते. कविताचा दाखला सुनंदानं मात्र खाली पडू दिला नाही, हवेतच पकडला.

“जा, शिक्का मारून घे,” ती पोरीला म्हणाली. “रडू नकोस. पहिले शिक्का.”

शेवटची सही झाल्यावर साहेबांनी मला बोटानं जवळ बोलावलं. “उद्या सकाळी मला रिपोर्ट पाहिजे हिचा.”

रिपोर्ट मला लिहावा लागला नाही. तो टाइप होऊनच माझ्यापुढे आला. श्रीमती पाईकराव यांनी यंत्रांचे क्रमांक परस्पर बदलल्याने यंत्रणा वारंवार बंद पडली, त्यांनी केबिनमध्ये विनापरवाना प्रवेश करून उपकरणांची मोडतोड केली, जमाव जमवला. खाली साक्षीदार म्हणून माझं नाव. मी सगळं वाचलं. पहिलं वाक्य धडधडीत खोटं आहे हे त्या इमारतीत तिच्याखालोखाल मला माहीत होतं. मी सही केली. पेन झरझर चाललं.

दुपारी तिचं कंत्राट संपल्याचं पत्र निघालं. ती माझ्याकडे आली. चौदा मशीनच्या पत्त्यांची यादी, सर्व्हरच्या खोलीची चावी, नवीन वायरीचं अर्धं बंडल, सगळं नीट टेबलावर ठेवलं.

“वाचून सही केली का?”

“हो,” मी म्हणालो.

“बरं.”

एवढंच. जिला हळू बोलता यायचं नाही ती इतक्या हळू बोलली की शेजारच्या टेबलाला ऐकू गेलं नसेल. मी तिला चहा विचारला. हे लिहितानाही लाज वाटते, पण मी खरंच चहा विचारला.

पंधरा दिवसांनी साहेबांच्या ओळखीचा दुकानदार आला आणि त्यानं डब्याचा आकडा बदलला. दोन मिनिटं लागली. त्यानंतर सगळं तिच्या यादीवर बिनतक्रार चाललं. पुढच्या वर्षी कार्यालयाला उत्तम संगणकीकरणाचं प्रशस्तिपत्र मिळालं, साहेबांनी ते हार घालून घेतलं. फोटोत मी दुसऱ्या रांगेत उभा आहे, हसतोय. आणि सोमवारी, बुधवारी रांगेतून उठून जे लोक परत गेले होते, त्यांच्यातली किती लेकरं त्या वर्षी घरी राहिली, ते कोणी विचारलं नाही. तो दुकानदार तेव्हा ‘सवडीनं’ येणार होता.

निवृत्त झाल्यावर दोन महिन्यांनी मी गोरेगावला गेलो. सुनंदानं तिथं बाजारात जीपच्या थांब्यासमोर दुकान टाकल्याचं कळलं होतं. सेनगाव-गोरेगावच्या शाळा, पतसंस्था, सगळ्यांची मशीन तीच जोडते, असं लोक सांगत. दुकान अरुंद होतं. भिंतीवर वायरींची वेटोळी, टेबलावर उघडून ठेवलेले तीन कॉम्प्युटर. केस थोडे पिकले होते. तिनं मला लगेच ओळखलं, पण बसा म्हणाली नाही.

“तीन वर्सं लागली व्हय तुमाला यायला? हिंगोलीवरून जीपा तर सारख्या येतात.”

“मॅडम, मी माफी मागायला—”

“रिटायर झालात?”

“हो.”

“म्हणून आलात. आता कोणी काही करू शकत न्हाई तुमचं.”

 मी म्हणालो, तुम्ही म्हणाल तर खरं काय ते मी लिहून देतो.

मला वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या आता. तिनं खणातून कोरा कागद काढून माझ्यापुढे सरकवला आणि स्टुलावरची वायर उचलून जागा केली.

“लिवा.”

मी लिहिलं. नाव, हुद्दा, त्या डब्याची हकीकत, नववी वायर, सर्व्हर तोडल्यावरही येणारी उत्तरं. शेवटी लिहिलं की त्या वेळी गैरसमजातून माझी सही झाली. तिनं कागद उभ्यानं वाचला. शेवटच्या ओळीपाशी थांबली आणि माझ्या हातातलं पेन घेऊन एक शब्द खोडला.

“गैरसमज नव्हता. तुमाला समजलं होतं.”

मी नवा कागद मागितला. पुन्हा पहिल्यापासून लिहिलं. या वेळी शेवटी लिहिलं: हे सर्व माहीत असून भीतीपोटी मी खोट्या निवेदनावर सही केली. तिनं ते दोनदा वाचलं, घडी न घालता एका फाइलमध्ये ठेवलं आणि फाइल कपाटात टाकली. त्या कागदाचं पुढं तिनं काय केलं, मला माहीत नाही. विचारायचा मला अधिकारही नाही.

“झालं?” ती म्हणाली. “जीप लागली हाय बघा.”

जीपमध्ये मी मागच्या बाकावर बसलो. भरल्याशिवाय ड्रायव्हर काढत नव्हता. समोर रस्त्यापलीकडे ती शिडी घेऊन बाहेर आली होती. शेजारच्या पतसंस्थेच्या दारावरच्या भोकातून तिला वायर आत घ्यायची होती. एक टोक दातांत धरून ती वर चढली. खाली शिडी धरून संस्थेचा मॅनेजर उभा होता, पण त्याचं लक्ष मोबाइलवर, आणि शिडी डुगडुगत होती. तिनं दातांतली वायर काढली आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं ओरडली, “मी पडले तर तुमी बघतच राहणार का? दोनी हातांनी धरा!” त्यानं घाबरून मोबाइल खिशात टाकला आणि दोन्ही हातांनी शिडी धरली. ती पुन्हा वर वळली, भोकात हात घातला, आणि वायर सरसर आत जाऊ लागली.